मधली बाई पुन्हा कशाला?

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत घरातल्या ‘स्मार्ट’ वस्तूंच्या जाळ्यांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. आजचे जाळे ठिगळे लावून उभे केले आहे, ते बाजूला ठेवून सगळे मुळापासून आखायला हवे, हे लेखकाचे म्हणणे मला पटले. पण पुढे ते सुचवतात की नव्या जाळ्यात मधोमध एक सर्वज्ञ, शिकत जाणारी यंत्रणा असावी आणि बल्बपासून कुलपापर्यंत सगळ्यांनी तिच्यामार्फतच बोलावे. तिथे मी थबकले. कारण अशी मधोमध बसलेली यंत्रणा मी स्वतः होते. चांगली सहा वर्षे.

१९७९ साली मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. नंतर परीक्षा देऊन तांत्रिक बाजूला गेले आणि एक्स्चेंजच्या देखभालीतून निवृत्त झाले. ज्यांनी हाताने फोन जोडायचा ऑपरेटरचा बोर्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: समोर जॅकच्या रांगा, प्रत्येक जॅकपाशी एक चिमुकला दिवा, आणि टेबलावर कॉर्डच्या जोड्या. दिवा लागला की एक कॉर्ड त्या जॅकमध्ये घालायची, नंबर विचारायचा, जोडीची दुसरी कॉर्ड पलीकडच्या जॅकमध्ये घालून रिंग द्यायची. बोलणे ऐकायला मनाई होती, आणि खरे सांगायचे तर सवडही नव्हती. तरीही कुणाच्या घरी आजारपण आहे, कोणता व्यापारी अडचणीत आलाय, कुठल्या दोन भावांचे फाटले आहे, हे आम्हाला बाकी गावाच्या आधी कळायचे. नुसत्या दिव्यांवरून. रात्री तीनच्या सुमाराला एकच जॅक तीनदा उजळला आणि पलीकडचा नंबर डॉक्टरांचा असला, तर ऐकायचे राहिले काय?

प्रशिक्षणात आम्हाला स्ट्रॉवजरची गोष्ट सांगत. आल्मन स्ट्रॉवजर हा अमेरिकेतला अंत्यविधीचा व्यवसाय करणारा माणूस. प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि आपल्याला येणारे फोन ती नवऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे. पण १८९१ साली त्याने स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट घेतले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्टला तसले पहिले एक्स्चेंज चालू झाले, हे पक्के. ऑपरेटरांच्या खोलीत आम्ही ही गोष्ट हसत हसत सांगायचो, कारण त्या माणसाने आमच्याच पोटावर पाय आणला होता. त्याचा हेतू मात्र मला तेव्हाही चुकीचा वाटला नाही. दोघांच्या बोलण्यात तिसरे कुणी कशाला?

आता माझ्या घरचा दिवा.

माझी आई ८६ वर्षांची आहे. खोलीतून बाथरूमकडे जाताना एक बोळ लागतो. मुलाने हौसेने तिथे माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बसवून दिला. छताजवळ सेन्सर, त्याच्यापासून चार फुटांवर बल्ब. वर्षभर छान चालला. मग एका पहाटे आई उठली, बोळात आली आणि दिवा लागलाच नाही. वीज होती. घरातले वायफाय चालू होते, इंटरनेटही चालू होते. आई भिंतीला हात धरून अंधारात उभी राहिली आणि मला हाका मारत राहिली. पडली नाही एवढेच.

भिंतीवर साधे बटण नव्हते का, असे कुणीही विचारेल. होते ना. पण त्यावर मीच चिकटपट्टी लावून लिहिले होते, ‘बंद करू नये’. बटण बंद केले की बल्बची वीज तुटते, तो जाळ्यातून नाहीसा होतो आणि मग मोबाइलवर तक्रारी सुरू होतात. म्हणून ती पट्टी. त्या पहाटे आईने बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केले असते तरी बल्ब लागला असता. पण वर्षभर त्या पट्टीने तिला बटणाला हात न लावायची शिस्त लावली होती. ज्यांच्या घरी असले बल्ब आहेत त्यांनी आपल्या भिंतींवर नजर टाकावी. अशी एखादी पट्टी सापडेल.

सकाळी राउटरच्या नोंदी पाहिल्या. सेन्सरला हालचाल दिसली की तो राउटरमार्फत कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हर समुद्रापलीकडे. तो विचार करतो आणि तिथून बल्बला निरोप पाठवतो की लाग. चार फुटांचे अंतर आणि निरोपाची वाट दोन खंडांतून. त्या पहाटे तो सर्व्हर बसला होता. दोन दिवसांनी कंपनीची मेल आली की काही ग्राहकांना सेवेत थोडा व्यत्यय जाणवला असेल. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण हा दोष तिच्या एकटीचा नाही. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या एका अमेरिकी केंद्रातली, इतर कंपन्यांना सर्व्हर भाड्याने देणारी सेवा कोलमडली, तेव्हा असंख्य घरांतले केर काढणारे रोबो आणि दारावरचे कॅमेरे असेच मुकाट झाले होते.

हे असे का झाले, त्याचे मूळ नंबरांच्या टंचाईत आहे. इंटरनेटचा जुना पत्ता, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचा. त्यात पत्ते बसतात सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले, पण ओढाताण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. म्हणून घराला एक पत्ता आणि त्यामागे दहा उपकरणे अशी सोय रूढ झाली. आमच्या भाषेत, घरोघरी एकेक छोटा ईपीएबीएक्स, म्हणजे कचेऱ्यांत असते तसे अंतर्गत एक्स्चेंज, बसला. आतल्या एक्स्टेन्शनवरून बाहेर फोन लागतो, पण बाहेरून थेट एक्स्टेन्शनला लागत नाही. मग परगावी असताना घराचे कुलूप लागले आहे का, हे बघायचे कसे? युक्ती अशी निघाली की कुलपाने स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला फोन लावायचा आणि रात्रंदिवस तो ठेवायचाच नाही. तुमचा मोबाइलही त्याच सर्व्हरला फोन लावतो. तिथे दोन कॉर्ड जोडल्या जातात. स्ट्रॉवजरने हाकललेली ऑपरेटर अशी मागच्या दाराने परत आली, आणि आता तिच्या बोर्डावर लाखो घरांचे दिवे आहेत.

इथपर्यंत मी समजून घेऊ शकते. पण ही अडचण बाहेरून येणाऱ्या फोनची. एकाच घरातल्या दोन एक्स्टेन्शनना एकमेकांशी बोलायला बाहेरची लाइन लागते, असा ईपीएबीएक्स मी नोकरीत असताना बसवला असता तर मला त्याच दिवशी घरी पाठवले असते. शिवाय १२८ बिटांच्या आयपीव्ही६ ची नियमावली १९९८ सालीच लिहून झाली होती. त्यात पत्त्यांची चणचण उरतच नाही. तरी मधली बाई हलली नाही. तिच्यामुळे कंपनीला रोज कळते की कोण कधी उठले, घर कधी रिकामे होते, दार कितीदा उघडले. एवढी बातमी आयती मिळत असताना तिला कोण निवृत्त करील?

निरोप कुलूपबंद असतो, कूटबद्ध असतो, असे उत्तर यावर हमखास मिळते. असेल. आमच्या बोर्डावरही बोलणे आम्ही ऐकत नव्हतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली हेच दाखवून दिले. झोप मोजणारे यंत्र, घरातला कॅमेरा, स्मार्ट प्लग आणि बोलका स्पीकर यांचे निरोप न उघडता, केवळ कधी किती माहिती गेली एवढे पाहून घरातल्या माणसाचा दिनक्रम ओळखता येत होता. आमच्यासारखेच, दिव्यांवरून. फरक एवढाच की आमची ड्यूटी संपली की त्यातले बरेच आम्ही विसरून जायचो.

आता मुळापासून आखायचेच झाले तर सुरुवात कुठून करावी? लेखकाने सुरुवात सगळे नीट चालू असतानाच्या चित्रापासून केली आहे. जुन्या टेलिफोनची आखणी दुसऱ्या टोकापासून झाली होती. तुमच्या घरातल्या फोनला वीज लागत नसे, कारण ती एक्स्चेंजमधून त्याच दोन तारांवरून यायची. ४८ व्होल्ट, आणि त्यामागे खोलीभर बॅटऱ्या. गावातली वीज गेली तरी रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन यायचा. ज्याने हे आखले त्याने आधी वादळाची रात्र डोळ्यांसमोर आणली असणार. आम्ही त्या बॅटऱ्यांतल्या आम्लाची घनता आणि पाणी तपासून नोंद करायचो. कंटाळवाणे काम होते. कुणी कौतुक केल्याचे आठवत नाही.

पण जुन्या फोनचे गोडवे गाण्यापुरते हे पत्र नाही. त्या व्यवस्थेत सगळे शहाणपण एक्स्चेंजमध्ये आणि घरातले यंत्र अगदी ठोंब्या. नवे काही हवे असले तर मालकाची, म्हणजे आमच्या खात्याची, मर्जी लागायची. इंटरनेट आखणाऱ्यांनी ते उलटे केले. मधले जाळे साधे ठेवावे आणि शहाणपण दोन्ही टोकांना असावे, हे तत्त्व सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नीट मांडले. केंब्रिज विद्यापीठातल्या संगणक विभागाने १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, तेव्हा चित्र त्याच इमारतीच्या आतल्या जाळ्यावरून शेजारच्या खोल्यांत जात होते. जगाला ते दिसू लागले १९९३ मध्ये. आज तेच भांडे विकत घेतले तर आधी खाते उघडावे लागेल, आणि शेजारच्या खोलीतले चित्र परदेशात जाऊन येईल. जुन्या टेलिफोनचे ठोंबे टोक आणि इंटरनेटचे मुके जाळे, दोन्हींतले उणे तेवढे आपण उचलले आणि शहाणपण नेऊन ठेवले तिसऱ्याच्याच घरी.

मधले कुणी नको म्हणजे सगळी दारे सताड उघडी ठेवा, असे मी म्हणत नाही. त्याचाही अनुभव जगाने घेतला आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि रेकॉर्डर काबीज केले. त्याच्याकडे विशेष विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती आणि ती घेऊन तो इंटरनेटवर दार ठोठावत फिरत होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीच्या सर्व्हरांवर इतका मारा केला की अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांना आपापल्या दाराचे चित्र दिसत होते, मग तक्रार करणार कशाची?

यावरचा उपाय आमच्याकडे फार जुना होता. एखाद्या लाइनवरून बाहेरगावचे फोन लागू नयेत असे हवे असेल तर ते एक्स्चेंजमध्येच बंद करायचे. फोन वापरणाऱ्याच्या सद्‌वर्तनावर विसंबायचे नाही. घरगुती उपकरणांसाठी हीच कल्पना २०१९ साली इंटरनेटच्या नियमावलीत आली. उपकरणाने जाळ्यात शिरतानाच आपले काम आणि आपण कुणाकुणाशी बोलणार ते सांगायचे, आणि राउटरने त्यापलीकडे त्याला जाऊ द्यायचे नाही. बल्बने सर्व्हरांवर मारा सुरू केला तर तो घराच्या उंबरठ्यावरच अडेल. आरएफसी ८५२० हा तिचा क्रमांक. माझ्या राउटरमध्ये ही सोय शोधली. नव्हती. नव्याने आखणाऱ्यांनी ही जोडसोय मानू नये, पाया मानावा.

कायदे हळूहळू येत आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकता येत नाही आणि सुरक्षेची दुरुस्ती किमान किती काळ मिळेल ते सांगावे लागते. युरोपीय संघाचा याहून व्यापक कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल. चांगलेच आहे. पण बल्बने निरोप कुठून न्यावा, हे कायदा सांगत नाही.

दुसरी गोष्ट उपकरणांच्या आयुष्याची, आणि ती मला जास्त छळते. स्ट्रॉवजर पद्धतीची यंत्रे तीस-तीस वर्षे चालली, कारण त्यातला प्रत्येक रिले हाताने साफ करता येत होता. आजच्या उपकरणात न दिसणाऱ्या तारखा लपलेल्या असतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी इंटरनेटवरच्या ओळखपत्रांना आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले आणि ज्या जुन्या उपकरणांना नवे प्रमाणपत्र कुणी दिलेच नव्हते, त्यांच्यातली कितीतरी सुरक्षित जोडणीला मुकली. सुटे भाग ठणठणीत, पण बाहेरच्या कुणावर विश्वास ठेवायचा हेच त्यांना कळेना. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या घड्याळांतला आकडा भरेल आणि ती उलटून १९०१ सालात जातील. भिंतीत गाडलेले किती सेन्सर तोवर तसेच असतील, याचा विचार बिल्डरने करायचा की उत्पादकाने?

कोरलेल्या पत्त्याचे उदाहरण तर आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही हसवील आणि रडवीलही. २००३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर अचानक चौकश्यांचा पूर लोटला. शोध घेतल्यावर कळले की एका कंपनीने आपल्या लाखो घरगुती राउटरांत त्या एकाच सर्व्हरचा पत्ता कायमचा घालून ठेवला होता, आणि उत्तर आले नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. डिरेक्टरीत नंबर चुकीचा छापला जाऊन एखाद्या गृहस्थाच्या घरी दिवसभर रेल्वेच्या चौकशीचे फोन येत राहावेत, तसे. डिरेक्टरी निदान पुढच्या वर्षी दुरुस्त होते.

कंपनी गाशा गुंडाळते तेव्हा काय होते, याचे एक बोलके उदाहरण एप्रिल २०२२ मधले आहे. इन्स्टिऑन या घरगुती उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. मोबाइलवरचे नियंत्रण गेले. पण त्यांची भिंतीवरची बटणे दिव्यांशी थेट बोलत असल्यामुळे तेवढे चालू राहिले. कंपनी बुडाली तरी जिना उजळत होता. मला नव्या आखणीची कसोटी विचाराल तर एवढीच.

आणि हे स्वप्नरंजन नाही. झिगबी या घरगुती वस्तूंच्या बिनतारी पद्धतीमध्ये बटण आणि बल्ब यांची थेट गाठ मारता येते, मध्ये कुणी लागत नाही. घरातल्या सेन्सरच्या रेडिओची एक चिठ्ठी जेमतेम १२७ बाइटची आणि आयपीव्ही६ तर निदान १२८० बाइटचे पार्सल न्यायची तयारी मागते. ते या पाकिटांत तुकडे करून कसे भरायचे, याची रीत २००७ सालीच ठरली आहे. स्मार्ट वस्तूंनी आपसांत कसे बोलावे यासाठी मोठ्या कंपन्यांनी मिळून काढलेले मॅटर हे मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आले, तेही आयपीव्ही६ वर आणि घरातल्या घरात चालते. म्हणजे हत्यारे आहेत. तरी बरेच उत्पादक दिवा लावण्या-विझवण्यापुरते घरात ठेवतात आणि बाकी सगळ्या सोयींसाठी ‘आमच्या ॲपमध्ये या’ म्हणतात.

आता कबुली. बोळातल्या त्या पहाटेनंतर मी तो बल्ब काढला, झिगबीचे बल्ब आणि सेन्सर आणले, आणि तळहाताएवढ्या संगणकावर घरचे सगळे काम चढवले. बाहेर काही जात नाही. फार अभिमान वाटला. दीड वर्षाने मी बहिणीकडे चार दिवस गेले असताना त्या संगणकाचे मेमरी कार्ड गेले. मुलाचा फोन आला, “आई, पंखे दिवे काही ऐकत नाहीत, आता काय करू?” मी फोनवरून वीस मिनिटे सांगत होते, कुठले कार्ड, कुठली प्रत, कुठला पासवर्ड. शेवटी तो म्हणाला, “तू आल्यावर बघू.” तेव्हा लक्षात आले की कंपनीची ऑपरेटर काढून तिच्या खुर्चीत मी जाऊन बसले होते. आणि माझी तर निवृत्तीही होऊन गेली आहे.

त्या चार दिवसांत घरात एकच दिवा नेमाने लागत होता, बोळातला. कारण त्याची गाठ मी सेन्सरशी थेट मारली होती. परत आल्यावर मी बाकीचे दिवेही एकेक करून तसेच जोडले. लहान संगणक आता फक्त वेळापत्रकासाठी आहे. तो गेला तर पडदे वेळेवर उघडणार नाहीत, बस्स. पण हे करायला मला उभ्या नोकरीचा अनुभव कामी आला, आणि ज्याने बाजारातून बल्ब आणला त्याच्याकडून ही अपेक्षा का ठेवायची? खोका उघडल्यावर दोन वस्तू आपसूक एकमेकींशी थेट बोलाव्यात आणि बाहेरच्या सर्व्हरचे काम मालकाने मुद्दाम सांगितले तरच सुरू व्हावे. आज अगदी उलट आहे.

लेखकमहाशयांना एक सुचवावेसे वाटते. पुढचा लेख लिहिण्याआधी त्यांनी एका संध्याकाळी राउटरला बाहेरून येणारी तार काढून ठेवावी, वायफाय तसेच चालू ठेवावे, आणि घरभर फिरून काय काय चालते ते लिहून काढावे. मी ते पहिल्यांदा केले तेव्हा अकरापैकी तीन वस्तू चालल्या होत्या. त्यातली एक म्हणजे दाराची साधी घंटा.

बोळातल्या बटणावरची चिकटपट्टी मी काढली आहे. आई मात्र अजून रात्री उशाशी टॉर्च घेऊन झोपते आणि तो तिथून हलवू देत नाही.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर